साखळी टाक्याची शेवटची कडी

मी एक जुना साखळी टाका आहे. हाताएवढ्या पांढऱ्या सुती कापडावर निळ्या दोऱ्याने घातलेली सोळा कड्यांची एक ओळ, एवढाच माझा पसारा. माझ्याच घडीत एक पत्र सात वर्षे पडून होते. त्याचे उत्तर मला ठाऊक होते आणि तरी ते दिले गेले नाही. टाक्याला बोलता येत नाही, हे खरे. पण मित्रांनो, बोलता आले असते तरी मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही.

मला ताईंनी घातले. त्यांचा शिवणक्लास होता. लांबोडकी खोली, चार शिलाई मशिने, भिंतीवर नमुन्यांची कापडे, त्यांत मी. नवीन मुलगी आली की ताई माझ्यावर बोट ठेवून सांगत, "वेढा अंगठ्याखाली धर. सुई निघाली तिथेच खाली घाल आणि वेढ्याच्या आतून वर काढ. दोरा ओढ, पण गळा आवळल्यासारखा नको." अशी कडीत कडी अडकत जाते. पाकळीची कड, वेलीचा देठ, झबल्याचा गळा, रुमालावरचे नाव, सगळीकडे मी चालतो. वळणावर मी विशेष शोभतो, असे म्हणत. कोण म्हणे ते आठवत नाही. कदाचित मलाच वाटत असेल.

माझ्यात एक खोट मात्र आहे. शेवटच्या कडीवर बाहेरून एक बारीक टाका घालून ती बांधावी लागते. ते राहिले आणि दोऱ्याचे टोक ओढले गेले, तर मी पहिल्या कडीपर्यंत सरसर उसवतो.

ताईंची धाकटी बहीण त्याच क्लासात शिकत होती. एका वर्षी क्लासातच भरणाऱ्या प्रदर्शनासाठी तिने मोठा टेबलक्लॉथ भरायला घेतला. हात सावकाश, पण काम देखणे. प्रदर्शनाच्या सकाळी एक फूल उरले होते.

"आण इकडे," ताई म्हणाल्या. "पाहुणे येऊन चहा पिऊन जातील, तरी तुझी पाकळी आपली चालूच."

त्यांनी ते फूल भराभर संपवले. तेवढ्यात खिळा कुठे ठोकायचा म्हणून कुणी हाक मारली. ताई दोरा कापून उठल्या. शेवटची कडी बांधायची राहिली. मी समोरच्या भिंतीवरून पाहत होतो.

दुपारी परीक्षक बाईंना दोऱ्याचे टोक लोंबताना दिसले. त्यांनी ते सहज ओढले. पाकळ्या एकामागून एक गेल्या, राहिली नुसती भोके.

"हे कुणी असं सोडलं?"

साऱ्या मुली आणि त्यांच्या आया बघत होत्या. ताई म्हणाल्या, "धाकटीचं काम. तिला धीर नाही."

धाकटीने ताईंकडे पाहिले. मग ती टेबलक्लॉथची घडी घालू लागली.

पुढे घरात ती थट्टाच होऊन बसली. धाकटीच्या हातून दूध उतू गेले, की कुणीतरी म्हणे, "झाला टेबलक्लॉथ." तीही हसायची. मग नोकरी लागून ती दूर गेली. सुई तिने पुन्हा हातात धरली नाही.

भरतकामाची मशिने आली, क्लास बंद पडला आणि मी बटणांच्या डब्यात गेलो. तिथेच एक दिवस ताईंनी ते पत्र माझ्या घडीत सारले. धाकटीने लिहिले होते, "लेक साखळी टाका शिकव म्हणते. मला धीर होत नाही. ताई, ते फूल तू संपवलं होतंस ना? की मीच? इतक्यांदा ऐकलंय, की आता मलाच नीट आठवत नाही. तू सांगशील ते खरं."

परवा ताईंचे यजमान शर्टासाठी बटण शोधत होते. त्यांच्या हाती पत्र लागले.

"अगं, हिला उत्तर दिलंस?"

"राहिलं."

"सात वर्षं? मग माझ्या बटणाची काय कथा."

ताई हसल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी सगळे सांगितले. यजमान बराच वेळ डब्याचे झाकण लावत आणि काढत राहिले.

"मीही कितीदा चिडवलंय तिला," ते म्हणाले. "लिही."

"कोणत्या तोंडाने लिहू?"

"आत्ता मला सांगितलंस ना, तसंच."

तीन कागद फाटले. चौथ्यावर एवढेच होते : "ते फूल मी संपवलं होतं. कडी बांधायची माझ्याकडून राहिली आणि नाव तुझं घेतलं. तुझ्या हातून काहीच उसवलं नव्हतं." मग चष्मा पुसून ताईंनी माझ्या शेजारी पाच नव्या कड्या घातल्या. वाकड्यातिकड्या, पण शेवटची नीट बांधलेली. धाकटीच्या लेकीला पाहून शिकता यावे म्हणून. त्या पत्रासोबत मलाही त्यांनी पाकिटात घातले.

मित्रांनो, उपदेश करावा एवढी माझी लायकी नाही. तरी काम संपले असे वाटले, की दोरा कापण्याआधी टोक बांधले का ते पाहा. आणि राहिलेच असेल, तर दुसऱ्याचे नाव घेऊ नका. कापड पुन्हा भरता येते. माणसाला फार वर्षे लागतात.

पोस्टाच्या पेटीपाशी यजमानांनी हात पुढे केला. "दे, मी टाकतो."

"नको," ताई म्हणाल्या.

पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात थांबला. मग बोटे सुटली, आणि मी इतर पत्रांवर जाऊन पडलो.