मोटेच्या येळेवर इंजन

इंजन रोज किती येळ चालवाचं, एवढ्याच गोष्टीवरून आमच्या घरात दोन महिने भांडन चाललं. भांडनारे दोघंच. मी गोजरा, अन् माहे घरधनी बापूराव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनतात. घेतलं मी. आता आनखी काय वाईट व्हायचं रायलं?

रिसोडच्या वाटेवर आमचा मळा. साठ संत्र्याची झाडं, पयल्या इलेक्शनच्या साली लावलेली. मोटेचं पानी भाजीपाल्यालेच पुरे, म्हनून झाडं म्या डोक्यावर घागरी वाहून जगवली. पाच वर्सं! यंदा हिवाळा सरता सरता पयल्यांदा फुल धरलं. बोराएवढी फळं लागली अन् मले खुशीनं जेवन जाईना. फळाले उनाळाभर पानी पायजे, म्हनून धन्यानं बैलं इकले, मोट मोडली अन् तेलाचं इंजन आनलं.

मेस्तरी इंजन बसवून गेला. इहिरीत पानी किती, हे त्याले का मालूम? मंग आमच्या धन्यानं मोटेचीच येळ धरली. आज्यानं जशी मोट हाकली तशीच: उजाडल्यापासून न्याहारीलोक, अन् दुपार टळल्यावर दिवस बुडेलोक. म्हने, "तीन पिढ्या या येळेनं इहीर आटली नाई."

मी म्हनलं, "अवो, बैल दमते. तो उभा रायला का इहीर बी दम खाते. हे लोखंड कुठं दमते?"

"चूप राय वं. इहिरीचं तुले का समजते?"

घ्या! ज्या इहिरीच्या पायऱ्या मी रोज उतरो, तिचं मलेच समजत नाई! चैताच्या सुरवातीले अकरावी पायरी उघडी पडली, पंधरा दिवसात सोळावी. मी म्हनलं, "सांजचं बंद करा, फक्त सकाळचं चालवा." तर म्हने, "माह्या बापापेक्षा तू शायनी झाली का?"

पन खरं सांगू? एक दिवस धनी इंजन सुरू करून मालेगावच्या बाजारात गेले. बंद कराची कळ मले दाखवली होती. आज लवकर बंद कराचं, असं म्या ठरवलंच होतं. पन दांडातून धो धो पानी आळ्यात जाऊन राह्यलं होतं. फळं लिंबाएवढी झाली होती. घागरी वाहून वाहून माही मान कायमची दुखते, अन् इथं पानी आपल्या पायानं झाडालोक चाललं होतं. मले बंद करवेना. आजच्या दिवस, म्हनलं. दुपारी बी बंद केलं नाई. दिवस बुडेलोक चालवलं.

वैशाखात एका सकाळी इंजन भकभक करू लागलं. नळातून नुसती हवा. खाली पाह्यलं तर चिखल. तांड्यावरचा हेमसिंग इहिरी खोदते, त्याले बलावलं. त्यानं पहार मारून पाह्यली. "खाली सलग पत्थर हाय बाई," म्हने. "एका फटीतून पानी येत होतं. ते जमायच्या आधीच तुमी ओढलं. आता फट बी आटत आली."

मंग दिवसाले दोन घागरी पाझरे. दोन घागरीत साठ झाडं! कोनतं जगवाचं अन् कोनतं मारायचं? म्या काठाजवळची चार धरली. पानं गुंडाळली, हिरवी फळं टपाटप गळाली. ते चार बी गेले. आपल्या हातानं लावलेलं झाड वाळतानी पाहनं लय वाईट असते, बाई.

काल सकाळी धनी इहिरीवर आले. रातभरात खाली खळग्यात इतभर पानी जमलं होतं. त्याहीनं इंजनाले हँडल लावलं अन् तसेच उभे रायले. मंग माह्याकडं पाह्यलं. इतक्या वर्सात पयल्यांदा त्याहीनं मले इचारलं.

"गोजरे, किती येळ चालवू?"

मी वाळलेल्या झाडाच्या फांद्या तोडून सरपनाचा भारा बांधून राह्यली होती. शिवी तोंडावर आली, पन रडूच फुटलं.

"चालवा," म्हनलं, "आता किती बी चालवा."