निळ्या मातीची तळटीप

मित्रांनो, तुमच्यापुढे बोलते आहे ते एका छापखान्यातले भिंग. पितळी कडी, शिसवी मूठ, आणि काच तळहाताएवढी. काठाला एक टवका उडालेला आहे, पण त्याने नजरेला अडथळा येत नाही. मला पाय नाहीत, हात नाहीत. कुणी उचलले तर मी कामाचा, ठेवले तर तिथेच पडून. एका सकाळी मात्र मला कुणी उचललेच नाही, आणि त्यामुळे केवढा अनर्थ ओढवणार होता, ते आज सांगतो.

एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याने मला घडवले. ओली वाळू आणि तांबडी पूड लावून तो काच दिवसचे दिवस घासत असे. शेवटी त्याने स्वतःचा अंगठा माझ्याखाली धरला, त्यावरच्या रेषा निरखल्या आणि म्हणाला, "जमलं बुवा." माझी पहिली शाबासकी ती. तिथून छापखान्याच्या मालकांनी मला विकत घेतले आणि नव्यानेच कामाला लागलेल्या एका तरुण मुद्रितशोधकाच्या हाती दिले.

हे मुद्रितशोधक म्हणजे चुकांचा काळ. छापून आलेला कच्चा कागद ते माझ्यातून ओळीओळीने तपासत. एखादा अनुस्वार जरी नजरेतून सुटला, तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. खिळे जुळवणारे जुळारी त्यांना पाठीमागे 'कानामात्रा' म्हणत, आणि पुढे तोंडावरही 'कानामात्राकाका' म्हणू लागले. काकांनी ते आनंदाने चालवून घेतले. त्यांची लहान मुलगी शाळा सुटली की छापखान्यात येई आणि मला पळवून भिंतीवरच्या मुंग्या बघत बसे.

त्या काळात एक मोठे काम आले. पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका कुंभार कवयित्रीच्या कवितांवर एका शिक्षिकाबाईंनी प्रबंध लिहिला होता. अकरा वर्षे खपल्या होत्या त्या. प्रबंधाला चारशेच्या वर तळटीपा, आणि त्याही मुंगीएवढ्या अक्षरांत. मालक म्हणाले, "बाई, एवढ्या टिपा कोण वाचतंय?" बाई म्हणाल्या, "कुणी वाचो न वाचो, चुकीचं छापू नका म्हणजे झालं."

काकांनी काही चुकू दिले नाही. एका टिपेत जुळाऱ्याने 'निळसर माती'ची 'नीरस माती' केली होती. काकांनी ती चूक पकडली, आणि दोन दिवस छापखान्यात जो तो एकमेकांना 'काय नीरस माणूस आहेस' म्हणत हसत होता. पुस्तक निघाले, वाचनालयात गेले, कपाटात बसले. पुढे छापखाना बंद पडला. काका मला घरी घेऊन गेले आणि एका खणात ठेवून विसरले. सुकलेली बॉलपेने, तुटका चष्मा आणि मी, असे आम्ही नऊ वर्षे अंधारात होतो. दुर्लक्ष म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

काकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांना माझी आठवण आली. सदऱ्याच्या टोकाने त्यांनी मला पुसले आणि खिशात घालून वाचनालयात नेले. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर आमचा नवा संसार सुरू झाला. आता ते चुका शोधत नव्हते, नुसते वाचत होते. एकदा ग्रंथपालबाईंना म्हणाले, "जन्मभर मी अक्षरं वाचली हो. मजकूर आत्ता कुठे वाचतोय."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या हाती एक आठवणींचे पुस्तक लागले. गावाच्या डोंगरावर एक पडका किल्ला आहे. तीनशे वर्षांपूर्वी त्याच्या मुदपाकखान्यावर, म्हणजे स्वयंपाकघरावर, एक कारकून होता. त्याने म्हातारपणी लिहिलेले ते पुस्तक. लढायांबद्दल त्याने फारसे लिहिलेच नव्हते. मिठाला ओल कशी लागते, किल्लेदाराला कोणती भाजी चालत नाही, वेढ्यात लोक कशावरून भांडतात, असले सगळे. काका वाचता वाचता खुदकन हसत आणि ग्रंथपालबाई डोळे वटारत.

एका दुपारी ते हसायचे थांबले. कारकुनाने लिहिले होते, "जुळ्या सुळक्यांच्या पायथ्याशी दारूगोळ्यासाठी तळघर खणू लागले. तिसऱ्या दिवशी जमीन खाली बसली आणि आतून पाणी उसळले. अकरा माणसे गेली. त्यांचे जेवण शिजून तयार होते. ते दुसऱ्या कुणीही खाल्ले नाही."

काकांनी मला त्या ओळींवरून पुन्हा एकदा फिरवले. कारण जुळ्या सुळक्यांच्या पायथ्याशी त्याच आठवड्यात पुन्हा खणायला सुरुवात झाली होती. गावासाठी पाण्याची मोठी टाकी होणार होती. आणि ते काम जिच्या देखरेखीखाली चालले होते, ती इंजिनिअर म्हणजे काकांची मुलगी, एके काळी मुंग्या बघणारी.

ती संध्याकाळी त्यांना घ्यायला आली तेव्हा काकांनी तिच्यापुढे पुस्तक धरले. तिने उभ्या उभ्याच वाचले.

"बाबा, तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आम्ही तीन ठिकाणी भोकं पाडून तपासलंय. खाली सगळा कातळ आहे."

"कुठे पाडली भोकं?"

"वरच्या अंगाला. तुम्ही आता मला माझं काम शिकवणार का?"

"तसं नाही गं. पण अकरा माणसं..."

"आणि हा तुमचा कारकून जागा कुठे सांगतोय? पायथा म्हणजे केवढा तरी मोठा आहे. उद्या नऊला माझी पाच माणसं खड्ड्यात उतरणार आहेत. एका स्वयंपाकघरातल्या माणसाच्या सांगण्यावरून मी काम थांबवलं, तर मला घरी बसवतील."

तिचे काही चुकले नव्हते, आणि तेच काकांना जास्त लागले. जागा खरोखरच कुठे सांगितलेली नव्हती.

रात्रभर ते स्वस्थ झोपले नाहीत. सकाळी आठला वाचनालयाचे दार उघडले तेव्हा ते पायरीवर उभेच होते. आत येताच त्यांनी ग्रंथपालबाईंकडे तो कुंभार कवयित्रीवरचा प्रबंध मागितला. पहाटे त्यांना त्या कवयित्रीच्या दोन ओळी आठवल्या होत्या.

डोंगराचे पोटीं । पाणी बोले हळूं ।
नका गे उकलूं । माती तेथें ॥

आजवर सगळ्यांनी त्याचा अर्थ मनाकडे लावला होता. डोंगर म्हणजे देह, पाणी म्हणजे आतला झरा, वगैरे. पण शिक्षिकाबाईंनी खाली टीप दिली होती, आणि काकांनी मला तिच्यावर धरले. टीप अशी होती: "कवयित्री जातीने कुंभार. माती खणणे हा तिचा रोजचा उद्योग होता. ही ओळ आधी शब्दशः वाचावी. जुळ्या सुळक्यांच्या पायथ्यापासून दक्षिणेस सुमारे साठ पावलांवर कुंभारांची जुनी खाण होती. तिथे निळसर माती लागताच खणणे थांबवीत, कारण त्याखाली पोकळी व पाणी असल्याचे ते मानीत."

तीच ती निळसर माती! काकांनी घड्याळाकडे पाहिले. साडेआठ वाजले होते. मला त्यांनी टेबलावरच्या कारकुनाच्या पुस्तकाला टेकवून, प्रबंधाच्या उघड्या पानावर तिरपे ठेवले आणि मुलीला फोन लावायला बाहेरच्या ओसरीवर गेले.

मित्रांनो, खिडकी पूर्वेची होती.

ऊन सरकत सरकत माझ्यावर आले. आधी ऊब वाटली. मग माझ्याखाली पानावर एक पांढराशुभ्र ठिपका पडला, बरोबर त्या टिपेवर. तो लहान होत गेला, तसा तापत गेला. काय होणार, ते मला कळत होते. जन्मभर ज्या अक्षरांना मी मोठे केले, त्यांनाच मी जाळत होतो. ओरडायला तोंड नव्हते, बाजूला व्हायला अंग नव्हते. कागद पिवळा झाला, तपकिरी झाला, आणि धुराची एक बारीक रेघ वर निघाली.

"अगं बाई! कानामात्राकाका!" ग्रंथपालबाई धावत आल्या. त्यांनी मला भिरकावले आणि पेटत्या पानावर सरळ आपला तळहात दाबला. आग विझली. मी फरशीवर आपटलो, तो टवका तेव्हाच उडाला. काका आत आले, तर टिपेच्या जागी रुपयाएवढे काळे भोक होते आणि बाई हातावर फुंकर घालत होत्या.

"बाई, तुमचा हात..."

"हाताचं मी बघते. पोरीने फोन उचलला?"

"नाही."

"मग इथे काय करताय? जा! दोन्ही पुस्तकं घेऊन जा."

आठ पन्नासला आम्ही रिक्षात होतो. मी काकांच्या वरच्या खिशात होतो, त्यामुळे त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. चढावर रिक्षा दमली. शेवटचा टप्पा काका पायीच धावले, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

खड्डा दोन पुरुष खोल होता. काठावर खणायचे यंत्र घरघरत होते. पाच कामगार शिडीने खाली उतरलेले होते. मुलगी नकाशा धरून उभी होती. वडिलांना पाहून तिचा चेहरा लाल झाला.

"बाबा! इथे कशाला आलात?"

"दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं ऐक."

त्यांनी प्रबंध उघडला. तिने ते जळके भोक पाहिले आणि एकदा त्यांच्याकडे पाहिले. मुकादम जवळ येऊन उभा राहिला. काकांनी भोकावर बोट ठेवले आणि डोळे मिटून ती टीप म्हणायला सुरुवात केली. विरामचिन्हांसकट. ती टीप त्यांनीच तर एके काळी तपासली होती. "...दक्षिणेस सुमारे साठ पावलांवर, स्वल्पविराम नाही... निळसर माती लागताच खणणे थांबवीत..."

"बाबा, पुरे. माणसं बघताहेत."

"निळसर?" मुकादम मध्येच म्हणाला. "मॅडम, निळी माती तर काल संध्याकाळपासूनच लागतेय. मी म्हटलं, माती ती माती, त्यात काय सांगायचं."

मुलीने नकाशा खाली केला. तिने एकदा सुळक्यांकडे पाहिले, एकदा खड्ड्याकडे. ती पायथ्यापाशी गेली आणि तिथून पावले मोजत परत आली. अठ्ठावन्न. ती खड्ड्याच्या काठावर थांबली आणि जोरात ओरडली, "यंत्र बंद! सगळे वर या! हत्यारं राहू देत तिथेच!"

कामगार कुरकुरत वर आले. चौथा शिडीवर होता तेव्हा पाचवा खाली वाकून आपला जेवणाचा डबा शोधत होता. "डबा सोड!" मुकादम गरजला. तोही वर आला. पण काहीच झाले नाही. पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. ठेकेदार आला, त्याने सगळे ऐकून घेतले आणि हसला. "कवितेवरून काम बंद? शाब्बास!" काका एका दगडावर बसून खाली मान घालून बोटे चोळत होते. मी जाळलेली टीप त्यांना चुकीची तर आठवली नाही ना, हीच भीती मला खात होती.

मुलीने हार मानली नाही. तिने लांब पहार मागवली, कमरेला दोर बांधून घेतला आणि काठावर पालथी पडून ती पहार खड्ड्याच्या तळाला टेकवून धरली. वरून मुकादमाने घाव घातले. पाचव्या घावाला पहार तिच्या हातातून सुटली आणि नाहीशी झाली. तळातून गार वारा शीळ घालत वर आला.

"मागे व्हा!"

सगळे मागे सरले, ठेकेदार सर्वांत आधी. आणि मग खड्ड्याचा तळ हळूच, मुळीच आवाज न करता, खाली गेला. शिडी गेली, फावडी गेली, तो डबा गेला. खालून गढूळ पाणी घुसळत वर आले आणि जिथे पाच माणसे उभी होती, तिथे पुरुषभर उंचीवर येऊन थांबले.

डबेवाला कामगार खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मुलगी वडिलांच्या शेजारी दगडावर येऊन बसली.

"बाबा, काल तुमचं ऐकायला हवं होतं."

"काल माझ्याकडे जागा कुठे होती? तू विचारलंस ते बरोबरच विचारलंस."

टाकीची जागा बदलली. चौकशी झाली, कागद रंगले, मुलीला दोनदा साहेबांपुढे उभे राहावे लागले. ग्रंथपालबाईंच्या तळहातावरचा डाग अजून आहे. विचारले तर त्या म्हणतात, "टीप आहे ती."

पण मला त्यानंतरचे सांगायचे आहे. रविवारी मुलगी वाचनालयात येऊ लागली. पहिल्यांदा आली ती त्या अकरा जणांची नावे कुठे सापडतात का, ते बघायला. नावे सापडली नाहीत. कारकुनाचे मीठ आणि भाज्या मात्र सापडल्या, आणि तीही खुदकन हसली. मग तिने प्रबंध उचलला. मला हातात घेऊन ती एकेक तळटीप वाचू लागली. परवा एका कवितेपाशी थांबली. भाजताना तडकलेल्या एका मडक्याबद्दलची कविता होती ती. तिच्यात ना पाणी, ना जागा, ना इंजिनिअरच्या उपयोगाचे काही. तिने ती दोनदा वाचली, डोळे पुसले आणि काकांना म्हणाली, "बाबा, ही बाई भेटायला हवी होती हो."

"भेटली की," काका म्हणाले.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. काम झाले की माझ्यावर एक फडके टाका आणि मला उन्हात उघडे सोडू नका. जो मोठे करून दाखवतो, तोच जाळूही शकतो, हे मी स्वतः भोगले आहे. आणि कपाटातले एखादे जाडजूड पुस्तक काढाल, तेव्हा वरचे ठळक तेवढे वाचून मिटू नका. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कुणीतरी अकरा वर्षे बसलेले असते. जरा वाका, त्याचे ऐका.

दिसत नसेल, तर मी इथेच आहे. खिडकीपासून लांब, डाव्या खणात.