तांदळाच्या ताटातलं नाव

इंझोरीत जगदेव गावंड्यांच्या अंगणात त्या सकाळी कुरडया चालल्या होत्या. लग्न तोंडावर आलेलं. तुळसाबाई साच्यातून चीक पिळत होती आणि जिचं लग्न, ती वैभवी, खाटेजवळ कावळे हाकलत बसली होती. एका हातात काठी, दुसऱ्यात मोबाईल. मध्येच तिनं काठी खाली ठेवली.

"आई, माह्या निबंधाले पुरस्कार भेटला."

"कोनत्या? शाळेतल्या?"

वैभवीला हसू आलं. आपली वऱ्हाडी बोली मशीनला समजावी, 'काय करून राह्यला' असं कुणी फोनवर विचारलं तर त्या मशीननं गोंधळू नये, यासाठी ती विद्यापीठात कित्येक वर्षं डोकेफोड करत होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या त्या परिषदेला जगभरातून हजारो शोधनिबंध येतात आणि त्यातले बोटांवर मोजण्याइतके 'उत्कृष्ट' ठरतात. तिथं कूळ विचारत नाहीत, शेती विचारत नाहीत. निबंधावर फक्त नाव असतं. पुढं ते काम जो कोणी वापरेल, तो त्याच नावानं उल्लेख करतो. माणसाची सारी कमाई ती एवढीच.

तुळसाबाईला यातलं निम्मंच कळलं, पण तिनं चिकाचे हात पदराला पुसले आणि लेकीवरून बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी जगदेव शेलूबाजारहून जीपनं आला तो पेढे घेऊनच. तिथं भोयरांनी, म्हणजे वैभवीच्या होणाऱ्या सासरच्यांनी, चौकात भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं. जगदेवनं कौतुकानं फोटो दाखवला. चेहरा वैभवीचा. खाली लिहिलेलं: 'आमच्या होणाऱ्या सूनबाई प्राजक्ता यांना जागतिक पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

"बाबा, हे प्राजक्ता कोन?"

"तूच तं. प्रज्वलची प्राजक्ता. साखरपुड्यातच ठरलं आमचं."

"मले कोनी विचारलं?"

"आता त्यात काय विचारा लागते? नवरीचं नाव तं बदलतेच."

तो खरोखरच गोंधळला होता. पोरीला शिकवताना या माणसानं भावकीची बोलणी खाल्ली, हुंडा मागणारी दोन स्थळं परत पाठवली. आणि तिचं नाव मात्र दुसऱ्याला देऊन आला, पानसुपारी द्यावी तसं. वाईट माणसांशी भांडता तरी येतं हो, या भल्या माणसांचं काय करावं?

संध्याकाळी सासूबाईंचा, दुर्गाबाईंचा फोन आला. आवाजात खरा आनंद होता.

"पोरी, त्या पुरस्कारवाल्याइले सांग, नवं नाव टाका म्हना. घरात फोटो लावू तं आपल्या घरचं नाव पाह्यजे."

"काकू, तो निबंध वैभवीनं लिवला."

"मंग वैभवीचीच तं प्राजक्ता होऊन राह्यली."

वैभवीला त्यानंतर एका जागी बसवेना. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात. शेवटी तिनं प्रज्वललाच फोन लावला. नवरदेव पुण्यात इंजिनिअर, शिकलेला, मवाळ. म्हणाला, "मी नाही लिहिनार तांदळात ते नाव. शब्द देतो."

"म्हनला ना तो," तुळसाबाई म्हणाली. "आता गप राहाय माय, लग्नघर आहे."

लग्न लागलं. शेलूबाजारला वरात पोचली, माप ओलांडलं, देवघरापुढं तांदळाचं ताट आलं. बायकांची ही गर्दी. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात नवं नाव लिहायचं आणि जमलेल्यांनी ते मोठ्यानं वाचायचं, अशी रीत. प्रज्वलनं अंगठी हातात घेतली. मागं आई उभी होती. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, वैभवीकडं पाहणं टाळलं आणि 'प्रा' लिहिलं.

वैभवीनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. हे बाई कोन आहे मले माहीत नाही. तिले सून करायचं असन तं तिले आना. मी बाहेर बसतो."

आणि ती शालूसकट उठून ओट्यावर जाऊन बसली. आत घेतील की नाही कळत नव्हतं, आणि हळदीच्या अंगानं माहेरी परतलं तर बाबांना गावात तोंड दाखवता येणार नाही हे कळत होतं. आत कुजबुज सुरू झाली. पुरस्कार डोक्यात गेला, कोणी म्हणालं. बापानं लाडावून ठेवली, दुसरी म्हणाली.

दुर्गाबाई तावातावानं बाहेर आल्या. "आमचंबी नाव बदललं होतं. आमी मेलो का त्यानं?"

"तुमचं काय होतं, आई?"

दुर्गाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या अडल्या. दारात प्रज्वल येऊन उभा होता.

"वच्छला," त्या म्हणाल्या. मग ओट्याच्या कडेला टेकल्या. "माहा बाप मराले टेकला तवा 'वच्छे, वच्छे' म्हने. मी खाटेपाशीच बसून होतो. मले वाटे, कोनाले बोलावून राह्यला हा? मी ओ देलीच नाही त्याले. तो गेल्यावर ध्यानात आलं."

प्रज्वलनं हे नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तो आत गेला, तळहातानं ताटातले तांदूळ सारखे केले आणि ताट तसंच कोरं आणून आईपुढं धरलं. "तूच सांग आता, काय लिहू."

दुर्गाबाई अंगठीकडं बघत राहिल्या. "तिचंच लिही," त्या म्हणाल्या. "आनि लवकर लिही, पोरगी उपाशी आहे."

वाचकहो, या घरात निभावलं, कारण एक पोरगी ओट्यावर जाऊन बसली. दर घरी तशी बसत नाही. तुमच्या आईचं माहेरचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? नसेल तर हा कागद बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारा. ती लगेच सांगेल असं नाही. कदाचित म्हणेल, कायले पाह्यजे आता. तरी तिथून हलू नका.