बोलावण्याआधी

वडिलांचा चौकीत जायचा सदरा वेगळा असायचा. शहरात कुठेही चोरी झाली की ते दाढी करत, तो सदरा चढवत आणि बोलावणं यायच्या आत चौकीतल्या बाकावर जाऊन बसत. "आपला रंग, आपली नाकं बघितली की त्यांना दुसरीकडे शोधावंसंच वाटत नाही," ते म्हणायचे. "मग फरफटत जाण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. मार कमी बसतो." गल्लीतले सगळेच पुरुष तसं करत. खरा चोर सापडला किंवा साहेब कंटाळला की सुटत. आपल्या लोकांनी बसून बसून तो बाक इतका गुळगुळीत केलाय, की सुताराला कधी रंधा मारावा लागला नाही, असं वडील हसत सांगत.

वडील गेले, पण रीत राहिली. म्हणूनच त्या दुपारी थोरली डॉक्टरांच्या बंगल्यावरून धापा टाकत घरी आली. ती तिथे इस्त्री करायची. बाईंची सोन्याची बांगडी सापडत नव्हती, सगळी कपाटं उलटीपालटी झाली होती.

"ऊठ, चौकीत जा," तिने धाकट्या भावाला हलवलं.

"ताई, सोमवारपासून मी बस चालवणार. ड्रायव्हरसाहेब! अजून बाकावर काय बसू?"

"म्हणूनच जा. घरातून धरून नेलं तर पोलिसात नाव लागेल, मग कसली बस नि कसलं काय! आणि सदरा बदल, भुतासारखा दिसतोयस."

"वडिलांचा घालतो. बाकाला ओळख पटेल."

शीळ घालत तो गेला. शीळ घालायला तो चालायच्या आधी शिकला होता, असं थोरली सगळ्यांना सांगायची.

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. बाईंनी अजून तक्रारच केली नव्हती; डॉक्टर दवाखान्यातून आले की जाऊ, म्हणून त्या थांबल्या होत्या. थोरलीला हे परत इस्त्रीपाशी आल्यावर कळलं. हातातला कपडा तसाच टाकून ती धावली.

ती पोचेपर्यंत डॉक्टर गाडीने येऊन तक्रार देऊन गेलेही होते. बाक रिकामा होता. धाकटा गजाआड होता.

"भाऊ गुणी आहे हं तुझा," फौजदार चहा ओतत म्हणाला. "आम्हालाच येऊन बातमी देतो, डॉक्टरांकडच्या चोरीसाठी आलोय म्हणे! आम्हाला चोरीचा पत्ता नाही आणि याला आहे."

"साहेब, आमच्यातले पुरुष नेहमीच येऊन बसतात. तुम्हाला माहीत आहे."

"बोलावल्यावर येतात. न बोलावता चोरच येतो."

"न बोलावताच येतात. माझे वडीलसुद्धा..."

"म्हणजे घराणंच आहे की!" हवालदार म्हणाला आणि दोघं हसले. मग हवालदार गजांकडे बोट दाखवून कुरकुरला, "कुणाकडून कळलं, तेवढं काही सांगत नाही. हात दुखले माझे."

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. वडिलांच्या सदऱ्याची बाही उसवली होती, ओठ फुटून सुजला होता. त्याने हळूच मान हलवली. नको, बोलू नकोस.

"मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "मी इस्त्री करते तिथे. त्याला सोडा साहेब, सोमवारी त्याची नोकरी सुरू होतेय."

"ताई!" धाकटा ओरडला.

फौजदाराने कप खाली ठेवला. "म्हणजे बंगल्यात तू होतीस. तू उचललीस आणि हा चौकशीला आला, आम्हाला वास लागलाय का बघायला. हेच मला जुळत नव्हतं."

"बांगडी घरातच पडली असेल. बाईंना पुन्हा बघायला सांगा."

"घर बघून झालंय त्यांचं. आता तुमचं बघू. बस काय, दुसरा कुणीही चालवेल. बस तिकडे."

थोरली बाकावर बसली. जन्मभर ती या बाकाविषयी ऐकत आली होती, बसली मात्र कधी नव्हती. खरंच गुळगुळीत होता. पुढच्या कडेला, हातांनी घट्ट धरून बसायच्या जागी, लाकडाला खळगे पडले होते. वडिलांनी ते कधी सांगितले नव्हते. तिची बोटं त्यांत बरोबर बसली.

गजाआडून धाकट्याने तिला हसवायला शीळ घालून पाहिली. फुटक्या ओठांतून नुसती हवा आली.