दोन दांडे दूर

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा स्वभाव फारसा चांगला नाही. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते.

लोहाराने मला भट्टीत तापवून घडवले. सुताराने लांब, गुळगुळीत दांडा बसवला. ज्या घरात मी आले तिथे दोन जावा शेती बघायच्या. थोरलीने संत्र्याची बाग लावायचे ठरवले, तेव्हा चाळीस खड्डे मी खणले. एकटीने. थोरली घाम पुसत म्हणाली, "अशी कुदळ शोधून सापडायची नाही." ते ऐकून मी कितीतरी दिवस हवेत होते.

रोपे लागली आणि माझे काम संपले. संत्र्यांना फळ धरायला चार-पाच वर्षे लागणार होती. तोवर दोन ओळींमधली जमीन रिकामी कशाला ठेवायची, म्हणून धाकटीने तिथे भाजी लावली. मुळा, पालक, कोबी, घेवडा. भाजीच्या पाण्यावर रोपेही तरारली. आणि या भाजीचे काम कोणाला मिळाले? खुरप्याला. एवढेसे, वाकड्या नाकाचे खुरपे! रोज सकाळी धाकटी त्याला हातात घ्यायची आणि संध्याकाळी धुऊन, पुसून खिडकीत ठेवायची. मी मात्र दाराआड, केरसुणीच्या शेजारी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. चाळीस खड्डे खणताना हे महाशय कुठे होते?

मला एकच मान उरला होता. बुंध्यापासून किती दूर भाजी लावायची, ते माझ्या दांड्याने मोजत. पहिल्या वर्षी एक दांडा, दुसऱ्या वर्षी दोन, कारण झाडाबरोबर मुळेही पसरतात. त्याच्या आत काही लावायचे नाही, हा थोरलीचा नियम होता.

दुसऱ्या वर्षी माझा दांडा मोडला. सुताराने नवा बसवला, तो वीतभर आखूड निघाला. मला ते लगेच जाणवले, त्या दोघींना नाही. धाकटीने दोन दांडे मोजून रताळी लावली, म्हणजे ती दोन विती आत सरकली. मी मनातून खूश झाले. रताळी खोल जातात, तिथे खुरप्याची काय मात्रा चालणार?

झालेही तसेच.

"जाऊबाई, कुदळच लागेल. खुरप्यानं निघत नाहीत," धाकटी म्हणाली.

"मोजून लावलीस ना?"

"दोन दांडे. तुम्ही सांगितलं तसंच."

मी मोठ्या तोऱ्यात मातीत शिरले. कोपऱ्यातल्या झाडाची मुळे ओलाव्याच्या मागे थेट रताळ्यांपर्यंत आली होती. पात्याला काहीतरी चिवट लागले आणि तुटले. पुन्हा लागले, पुन्हा तुटले. धाकटीला वाटले, वेलाच्याच मुळ्या असतील. मला कळले होते. पण खुरपे बांधावर पडून बघत होते आणि मला थांबायचे नव्हते.

पंधरा दिवसांत ते झाड उभे वाळले. धाकटी रडवेली झाली. थोरली माझ्याकडे बघत राहिली, मग तिने मला उचलून स्वतःला लावून उभे धरले. जुना दांडा तिच्या कमरेला लागायचा. हा मांडीपर्यंतच आला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "सुताराला माप द्यायचं मीच विसरले. कुदळ थोडीच सांगणार होती?"

त्या बोलण्याने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग ते वाळके झाड उपटायला मलाच नेले. काम हवे होते ना मला? मिळाले. उरलेल्या ओळींतली रताळी धाकटीने बसून, खुरप्याने हळूहळू माती उकरत काढली. चार दिवस लागले, पण एकही मूळ तुटले नाही.

मित्रांनो, लहान झाडांमध्ये भाजी जरूर लावा, पण झाडाची जागा झाडाला सोडा आणि दांडा बदललात तर माप पुन्हा घ्या. खुरप्याचा हेवा मला आजही वाटतो, खोटे कशाला बोलू? म्हणूनच सांगते, झाडांजवळ खणायचे असेल तेव्हा त्यालाच न्या. मला दाराआड राहू द्या.