बेशरमची काडी

एकोडीच्या तलावात मासे धरणाऱ्या बेबीबाईनं पोराची काडीमोड करवली, आणि ती काडी तिच्याच परसात उगवली. खोटं वाटत असेल, तर पहिलं फूल येईस्तोवर तिलाही वाटतच होतं.

भांडण एवढंच, की मासळी कोणत्या बाजारी न्यायची हे लिलाधर आधी आईला विचारायचा, लग्नानंतर बायकोला, ममताला, विचारू लागला. बेबीबाईनं पंचांपुढं मांडलं, की सून घर फोडते. ममता म्हणाली, असं असेल तर मीच निघते. लिलाधर अंगठ्यानं माती उकरत बसला.

रिवाजाप्रमाणे नवराबायकोनं काडीची दोन टोकं धरून मोडायची. वाळकी काडी सापडेना, तेव्हा बेबीबाईनंच तलावाच्या पाळीवरच्या बेशरमच्या झुडपाची हिरवी काडी आणून दिली. ती वाकली, चिकानं हात भरले, पण तुटली नाही. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या पंचानं विचारलं, मोडली का? मोडली, म्हणत बेबीबाईनं काडी ओढून घेतली आणि घरी येऊन परसात फेकली.

ममता कारध्याला माहेरी गेली. भर उन्हाळ्यात, विहिरीतले बेडूक शेजारी पाणी मागायला जात होते तेव्हा, काडी कौलांवर चढली आणि तिची फुलं खिडकीतून चुलीकडे डोकावू लागली. बेबीबाई पाठ करून रांधायची. भाजीत दोनदा मीठ पडायचं. लिलाधर मुकाट खायचा, तेच तिला जास्त लागायचं.

मग कळलं, मोहाडीच्या एका व्यापाऱ्याशी ममताचा पाट ठरतो आहे. बेबीबाईनं एसटी धरून कारधा गाठलं.

"काडी मोडलीच नोहती, बाई. मी खोटं बोलली."

ममताचा तांदूळ निवडणारा हात थांबला नाही. "मले माईत हाये. माह्याच हातात होती ना."

"मंग बोलली काहून नाही?"

"दुसरं टोक ज्याच्या हातात होतं, त्याच्या तोंडाकडे पाहून राहिली होती मी."

तिनं सासूला चहा पाजला, एसटीपर्यंत पोचवलं. येते मात्र म्हणाली नाही.

बेबीबाई घरी आली, तर परसात लिलाधर बादली घेऊन उभा. मुळाशी माती ओली. उन्हाळाभर झाड कशावर जगलं, ते तिला आता कळलं.

"सुकलं असतं, तं खरंच मोडल्यावानी झालं असतं," तो खाली पाहत म्हणाला.

तिनं बादली हातातून घेतली. "याले मी घालीन पाणी. तू कारध्याले जाय, पंचाले घेऊन. आन् या खेपेले तोंड उघड."

तो गेल्यावर तिनं उरलेलं पाणी मुळाशी ओतलं आणि खिडकीकडे तोंड करून चूल पेटवली.