निंबा मापाड्याची बोली

"चौदा सांगा," भिकुबाई म्हणाली. "मंग पंधरा. मंग सोळा. सतराले तोंड बंद."

"आनि तो तेवीस म्हने तं?"

"म्हनू द्या. बाजारमा बठ्ठा लोके म्हनतस."

निंबा ओट्यावर बसून कानामागचा साबण पुसत होता. शिंदखेड्याच्या धान्यबाजारात चौतीस वर्षं मापाडी. दुसऱ्याची ज्वारी, दुसऱ्याची तूर, दुसऱ्याचा काटा. जिल्ह्यातल्या कुठल्याही पोत्याचं वजन हा माणूस नुसतं उचलून सांगायचा. आज स्वतःसाठी एक आकडा बोलायचा होता, तर तो बायकोकडून पाठ करून घ्यावा लागत होता.

या घरासाठी सतरा लाख त्यांनी महिनाभर जोडले होते. निवृत्तीचे आठ, भिकुबाईच्या पोतीचे आणि पाटल्यांचे दोन, आणि मुलगी दिपमालाच्या लॅबमधल्या पगारावर बँक देणार होती ते सात. अठरावा लाख कुठून येणार, हे देव्हाऱ्यातल्या देवालाही ठाऊक नव्हतं.

घर पारसमल शेटजींचं. तीस वर्षांपूर्वी निंबा भाड्यानं आला तेव्हा दोन खोल्या, वर पत्रे, खाली शेणाची जमीन. संडास नाही, पाणी नाही. गल्लीतला नळ आठव्या दिवशी खोकल्यासारखा यायचा. निंबा काही करायचं म्हणाला की पारसमल शेटजी हसून म्हणायचे, "विचारतो काय? घर तुझंच समज." या वाक्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, म्हणून ते फुकट मिळतं. निंबानं तसंच समजलं. संडास बांधला, फरशी बसवली, स्वयंपाकाला कडप्प्याचा ओटा केला. दोनशे वीस फुटांवर बोअर लागली, त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले. भाडं मात्र दर महिन्याला पाच तारखेला पोचतं केलं. तुझंच समजलेल्या घराचं भाडं!

शेटजी गेले. आता त्यांचा नातू पुनीत सुरतेहून विकायला आला होता. अकरा वाजता तो आला, आणि सोबत चुडामण सर. सर दोंडाईच्याच्या शाळेत शिकवत, त्यांनाही घर हवं होतं.

पुनीतनं पलंगावर बसून कागद उघडला. "निंबानाना, हे इंजिनियरकडून करून घेतलंय. जागेचे अठरा. बांधकाम, टाइल्स, संडास, बोअर मिळून पाच. टोटल तेवीस."

निंबानं कागदावर बोट ठेवलं. "हे पाच माझे आहेत."

"म्हणजे?"

"टाइल्स मी बसवल्या. संडास मी बांधला. बोअर मी घेतली. माझंच मी परत विकत घेऊ?"

पुनीत वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर निंबाला भांडता तरी आलं असतं. "पावत्या आहेत का नाना? नाहीत ना? आणि इतकी वर्षं पाणी तर तुम्हीच प्यालात. बरं, तुमची बोली काय?"

भिकुबाई आतल्या दारात उभी होती. चौदा, तिचे डोळे म्हणाले.

"सतरा," निंबा म्हणाला.

भिकुबाईनं कपाळावर हात मारला. पण मापाड्याला कमी सांगून वर चढणं जमत नाही. असेल तेवढं त्यानं सांगून टाकलं.

चुडामण सर खाकरले. "मी बावीस देतो. पण पाणी असेल तर. टँकरच्या पाण्यावर आयुष्य काढलंय, कोरड्या घरात मी शिरणार नाही."

"मग बघूनच घ्या," पुनीत म्हणाला. "माझी संध्याकाळची गाडी आहे, परत खेटे घालायची ताकद नाही. सर नको म्हणाले तर नाना, सतरात तुमचं."

सगळे परसात गेले. मोटरचा डबा भिंतीवर होता. ही मोटर जुनी, हट्टी. पहिल्या दाबाला नुसती घुं करायची. दुसऱ्यांदा दाबून सातपर्यंत मोजलं की मग पाणी उचलायची. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, निंबाला आणि भिकुबाईला. दिपमालालाही धड जमायचं नाही.

निंबानं हिरवं बटण दाबलं. मोटर घुं करून गप्प झाली. पाइपाचं तोंड कोरडं.

"आटली वाटतं," सर म्हणाले. "या वर्षी सगळ्यांच्याच आटल्या."

निंबाला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं.

"चला," पुनीतनं कागदाची घडी घातली. "सतरा तर सतरा. टोकन काय देता नाना?"

भिकुबाईनं पदर तोंडाशी धरला. सर चपला घालायला वाकले. त्या चार श्वासांपुरतं घर निंबा-भिकुबाईचं होतं.

आणि निंबाचा हात बटणावर गेला.

प्रामाणिकपणा म्हणून कोणी मान डोलवू नये. तसं काही नव्हतं. माप सुरू झालं की मापाडी मध्येच उठत नाही, एवढंच चौतीस वर्षं त्या हाताला शिकवलं होतं. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. कोणाचा, ते त्यानं विचारायचं नसतं.

"लाभ," निंबा पुटपुटला. "दोन. तीन. चार."

"राहू द्या," भिकुबाई ओरडली. "राहू द्या ना हो!"

"पाच. सहा. सात."

पाइप थरथरला, हवा ओकला आणि मनगटाएवढी धार दगडावर आदळली. सरांनी ओंजळ लावली. "अरे, गोड आहे की!"

"बावीस, सर," पुनीत म्हणाला.

निंबा अजून बटणाशीच होता. "सर, पहिल्या दाबाला घाबरायचं नाही," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा दाबून धरायचं. सातपर्यंत. सहाला सोडलं तर येत नाही."

सरांनी मान डोलावली आणि एकदा स्वतः करून बघतो म्हणाले.

"थांबा जरा," भिकुबाई म्हणाली. निंबाकडे तिनं पाहिलं नाही. आतून हंडा आणून तिनं धारेखाली लावला. "पानी चालू शे तं भरी लेस."

तिनं हंडा भरला. कळशी भरली. बादली, घमेलं, तांब्या भरला. घरातलं शेवटचं पातेलं भरेपर्यंत तिघे पुरुष परसात उभे होते आणि बटण बंद करायचं कोणाच्या तोंडून निघालं नाही.